ओसरीवरचं कासव

उन्हाळ्याच्या सुटीत मी सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा ओसरीवर कासव होतं. ट्रक चालवणाऱ्या मामाने ते सिरोंचाकडून आणलं होतं. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी, आणि त्या नक्षीवर हळदकुंकवाचा जाड थर.

आमच्या महादेवाच्या देवळात नंदीपुढे दगडी कासव आहे. आत जाताना त्याच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावायचा, ही सगळ्यांची लहानपणापासूनची सवय. आता देवळातून परतताना लोक आमच्या घरी थांबत आणि या जिवंत कासवालाही तसाच हात लावत. बायका पाणी शिंपडत, पुरुष ते उचलून कपाळाला टेकवत. कासव मान आत ओढून घेई. बाबा कौतुकाने म्हणत, "पाह्य, ध्यान लागलं त्याले."

"ध्यान नाई बाबा, भेव लागला त्याले," मी म्हणाले.

मी प्राणिशास्त्र शिकले ते बाबांमुळे. धानाचा चिखल तुडवून त्यांनी मला वसतिगृहात ठेवलं. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना माझा आवाज कधी चढत नसे. मी शांतपणे समजावलं. उचललं की त्याला वाटतं, कोणी आपल्याला खायला धरलं. घाबरून ते लघवी करतं आणि अंगात साठवलेलं पाणी जातं. इथल्या मे महिन्यात ते पाणी जाणं वाईट. शिवाय असं कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे. आई घाबरली. बाबा हसले. आदल्या दिवशीच एका काकूंनी ती लघवी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावली होती.

ते खात नव्हतं. काकडी ठेवली, शेवग्याचा पाला ठेवला. सगळं तिथंच सुकलं. मी त्याला मागच्या पडवीत सावलीला नेलं, तर लोक स्वयंपाकघरातून मागे यायला लागले. वरून टोपलं झाकलं, तर टोपल्यावर फुलं वाहिली. हात लावू नका म्हटलं की मान डोलावत, आणि जाता जाता हात लावत.

वनविभागाला कळवते, असं मी म्हणाले, तेव्हा मात्र बाबा चिडले. "तुले कॉलेजात शिकवलं तवा कोनी घरी आलं नाई. याले पाहाले गाव येऊन राह्यलं." मग जरा नरमून म्हणाले, "सोमवार होऊ दे. मंग ने कुठी न्यायचं ते."

सोमवारी सकाळी त्यांनी कासवाला आंघोळ घालून पाटावर ठेवलं. त्याचे डोळे सुजून मिटले होते. अंगणात बायका जमत होत्या. मी पाटासकट कासव उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

बाबांनी दार वाजवलं, दोनदा हाका मारल्या. मी उघडलं नाही. वनविभागाला फोन करून पत्ता सांगितला आणि भिंतीला टेकून बसले. बाहेर बाबा लोकांना सांगत होते, "का करता बाई, पोरगी शिकलेली हाये. आयकत नाई." हेच वाक्य ते पाहुण्यांपुढे किती अभिमानाने म्हणत असत. आज त्यात माफी होती. कासव मात्र पाटावरून उतरलं नाही.

दुपारी वनविभागाची माणसं आली. पुन्हा असं करू नका, एवढं समजावून कासव क्रेटमध्ये घेऊन गेली. वाचेल का, असं विचारल्यावर त्यातला एक म्हणाला, डॉक्टर बघतील.

त्यानंतर मी बऱ्याचदा फोन केला. चौकशी करून सांगतो, हेच उत्तर मिळालं. बाबा बरेच दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होते. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "काही समजलं का त्याचं?"

"नाई."

ते म्हणाले, "पाया पडलो त्याच्या. कोनी मारलं तं नाई. मंग माह्यं का चुकलं?"

मी ताटातला हात थांबवला आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हं म्हटलं आणि आईकडे वरण मागितलं. त्यांना पटलं नव्हतं.