कलीम पेंटरचं न सुटलेलं नाव

कुंभार पिंपळगावात कलीम पेंटरनं रंगवलेल्या कपाटाचा पत्रा सडायचा, रंग सुटायचा न्हाई. खाली उजव्या कोपऱ्यात 'कलीम पेंटर' असं नाव असायचं. तेच त्याचं दुकान अन् तीच त्याची इज्जत.

मिथुननं चहाचं हॉटेल टाकलं अन् नवंकोरं लाकडी कपाट आणून उभं केलं.

"चाचा, हे जुनं करून द्या."

"जुनं आपोआप होतंय. दम धर."

"दम न्हाई, उद्घाटन हाये. अन् पॉलिश पेपरनं घासू नका, आतलं लाकूड दिसतं. वरून पांढरा द्या, मधूनमधून खालचा निळा रंग दिसला पाह्यजे."

कलीमनं विचार केला. मेण लागलेल्या जागी रंग धरत न्हाई, म्हणून त्यानं जन्मभर मेणबत्ती कामाजवळ येऊ दिली नव्हती. आता बायकोकडं, चाँदबीकडं, मागावी लागली.

"लाईट तो है," ती म्हणाली.

"रंग सुटवायचाय."

चाँदबीनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्यानं आधी निळा रंग मारून वाळू दिला. कडांना, वरच्या कोपऱ्यांना, मुठीभोवती, जिथं माणसाचे हात लागतात तिथं, मेणबत्ती घासली. वरून पांढरा हात मारला. वाळल्यावर फडक्यानं रगडलं तसे पोपडे सुटले, खालून निळा डोकावला.

नेमके तेव्हाच तातेराव आले. लेकीच्या लग्नाचं कपाट त्यांनी कलीमलाच सांगितलं होतं.

"कलीमभाई, हा तुमचाच रंग?"

"माझाच."

"सुटून राह्यला की."

"सोडवून राह्यलो."

तातेराव "आमचं कपाट राहू द्या जरा," म्हणाले अन् निघाले.

कलीम मिथुनला म्हणाला, "यावर माझं नाव न्हाई टाकत."

"असं कसं? नाव तर पाह्यजेच!"

कलीमनं खालचा उजवा कोपरा पुसला. तिथं मेण लागलंच नव्हतं. त्याच डब्यातल्या उरलेल्या निळ्यानं नाव लिहिलं.

बाजारच्या दिवशी तातेराव हॉटेलात चहाला आल्ते. कपाटाचे पोपडे पाहून हळहळले. मंग वाकून नावावर नख घासलं. मंग किल्ली. नाव जागचं हललं न्हाई. चहा तसाच ठेवून ते कलीमकडं आले.

"ते नाव कोन्च्या रंगाचं?"

"कपाटाच्याच. पोपडे मेणबत्ती घासली तिथंच सुटले, नावाखाली मेण न्हाई."

"मंग पोरीचं कपाट सगळं त्या नावासारखं रंगवा."

"बिलकुल."

"अन् ती मेणबत्ती?"

"ती पोरीला येगळी देऊ. लाईट जाते तिकडं."