माझ्या पासवर्डची स्थळप्रत

माझ्या ई-मेलचा पासवर्ड मी स्वतः चोराला लेखी कळवला, आणि त्या पत्रावर जावक क्रमांकही टाकला. ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण जुने सहकारी भेटले की विसरू देत नाहीत, म्हणून आता मीच लिहून टाकतो.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. मुरबाड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. वरून आदेश आला की प्रत्येक अधिकाऱ्याने ई-मेल उघडावा. ठाण्यात संगणक होता, पण त्याच्यावर कव्हर असे आणि कव्हरवर जेवणाचे डबे. म्हणून मी एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेलो. कॅफे म्हणजे एक गाळा, दोन संगणक आणि ते चालवणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. म्हसाकडच्या भातशेती करणाऱ्या घरातली. बापाने दुकानाला परवानगी दिली ती एका अटीवर: पोलिसांची भानगड झाली, की त्या दिवशी शटर कायमचं खाली. ही अट तिनेच मला हसत हसत सांगितली होती. मेल तिने उघडून दिला. पासवर्ड टाकताना मात्र मी तिला बाहेर उभं केलं. गुप्तता म्हणजे गुप्तता.

पुढे एका जुन्या खटल्यात साक्ष द्यायला शहापूरच्या कोर्टात गेलो. पुकारा व्हायला वेळ होता, म्हणून समोरच्या कॅफेत जाऊन मेल पाहिला. इंग्रजीत पत्र होतं: 'प्रिय वापरकर्ता, तुमचे खाते अठ्ठेचाळीस तासांत बंद होईल. पूर्ण नाव, पासवर्ड, जन्मतारीख त्वरित कळवा.' खाली सही, खाते विभाग.

आता पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या पोलिसाला मुदतीचं पत्र आलं, की तो विचार करत नाही, माहिती सादर करतो. मी ठाण्यात फोन लावला आणि बारनिशीवरच्या, म्हणजे टपालाच्या टेबलावरच्या, हवालदारांकडून जावक क्रमांक घेतला. मग 'संदर्भ: आपले पत्र' असं लिहून सगळं कळवलं. न मागितलेलंही कळवलं: रक्तगट, आणि ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण. मुदतीत काम झालं या समाधानात साक्षही झकास दिली. आलेलं पत्र आणि माझं उत्तर, दोन्ही छापून आणली आणि हवालदारांना म्हणालो, "फाइलला लावा."

महिन्याभराने म्हसाची यात्रा लागली. बैलबाजारात बंदोबस्ताला उभा होतो, तोच वरिष्ठांचा फोन आला.

"कुठे आहात?"

"यात्रेत, सर."

"मला तर तुमचा मेल आलाय. लंडनच्या हॉटेलात अडकलोय, पाकीट चोरीला गेलं, पैसे पाठवा म्हणताय."

"सर, मी म्हसा गावात आहे."

नेमका त्याच वेळी माझ्या मागे एक बैल हंबरला.

"ऐकू आलं," साहेब म्हणाले. "मुख्यालय सोडलेलं नाही हे सिद्ध झालं. तुमचा मेल कोण वापरतंय, त्याचा लेखी खुलासा उद्या संध्याकाळपर्यंत."

मेल उघडायला गेलो, तर माझाच पासवर्ड मला चालेना. यात्रेत चहा विकणारा आमचा एक खबऱ्या होता. त्याला सहज बोललो, तर तो म्हणाला, "साहेब, मेल उघडून दिला कोनी? त्या पोरीनं ना? मंग आजून कोनाला शोधताय?"

मला ते लगेच पटलं. दुसऱ्याचा दोष पटायला मला कधीच वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीला ठाण्यात बोलावलं. बाजाराचा दिवस, सगळ्या स्टँडने पाहिलं. बाप बरोबर आला होता. येतानाच त्याने शटर ओढून किल्ली खिशात टाकली होती, आणि तो बाहेर बाकावर बसून राहिला.

"मेल कुणी उघडला?" मी सुरू केलं.

"मीच."

"पासवर्ड?"

"मला नाय माहीत. तुमी मला बाहेर उन्हात उभं केलेलं."

हे खरं होतं. मी येरझाऱ्या घातल्या. "मग तो फुटला कसा?"

"साहेब, तुमी कोनाला सांगितला होता का?"

"पोलीस अधिकारी पासवर्ड सांगत फिरतो का?"

कोपऱ्यातल्या टेबलावर बारनिशीचे हवालदार खाकरले. निवृत्तीला आलेला, तालुक्यातलाच माणूस. "साहेब, ती स्थळप्रत आनू का?"

"कसली स्थळप्रत?"

"तुमी शहापूरवरनं नंबर घेतलेला, त्या पत्राची."

स्थळप्रत म्हणजे पाठवलेल्या पत्राची आपल्याकडे ठेवलेली प्रत. त्यांनी फाइल आणून मुलीपुढेच उघडली. पासवर्डच्या रकान्यात माझ्या बायकोचं माहेरचं नाव ठळक छापलेलं होतं. मुलीने ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायचे ते हललेच.

"हवालदार, तुम्ही हे वाचलं होतं?"

"नोंद करताना वाचावं लागतंय, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"वैनींचं माहेर खाते विभागाला कशाला, असं वाटलं खरं. पन तुमी लय खुशीत होता."

चौकशीची खुर्ची तिथेच फिरली. मुलीने पेन्सिल घेतली आणि आलेल्या पत्रावर खुणा करायला लागली. "तुमचं नाव हाय का कुठं? नुसतंच प्रिय वापरकर्ता. पाठवनाऱ्याचा पत्ता बघा, कंपनीच्या नावाशी काय संबंध? घाई किती, अठ्ठेचाळीस तास. आनि साहेब, ज्यांचा मेल हाय ते तुमाला पासवर्ड कशाला विचारतील? उद्या कोनी ठाण्यात येऊन म्हनला, वरच्या साहेबांनी लॉकअपची किल्ली मागितलीय, तर द्याल?"

"आधी ओळखपत्र बघेन. मग साहेबांना फोन करून विचारेन."

"मंग इथं?"

इथं छापील होतं. छापील कागदापुढे आमची मान आपोआप लवते, आणि चोराने माझं नाव माहीत नसतानाही माझा हा स्वभाव मात्र अचूक ओळखला होता.

चार दिवसांत तिने माझा मेल परत मिळवून दिला. चोर सापडला नाही, तपास कुठल्या तरी परदेशाच्या हद्दीवर जाऊन थांबला. खुलाशात मी सगळं खरं लिहिलं, आणि तो मासिक बैठकीत मलाच वाचायला लावला. तेव्हापासून एक नियम पाळतो: बँक असो, बक्षीस असो की खाते विभाग, ज्याच्याकडे माझी माहिती आधीच असायला हवी, तोच ती मागू लागला तर तो तो नाही. पत्रातल्या पत्त्यावर उत्तर द्यायचं नाही, आपल्या ठाऊक असलेल्या नंबरवर स्वतः विचारायचं.

आता त्या दिवशी बाहेर बाकावर बसलेल्या बापाचं सांगायचं राहिलं. मी बाहेर आलो, बाजारातले दहा-वीस लोक उभे होतेच. सगळ्यांदेखत म्हणालो, "दादा, पोरीची काही चूक नाही. चूक माझी आहे."

"काय केलं तुमी?"

सांगितलं. जावक क्रमांकासकट सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून किल्ली काढली आणि मुलीच्या हातावर ठेवली.

"जा गो, शटर उघड. एवढा मोठा साहेब इतका येडा हाय, तर तुझ्या दुकानाला गिऱ्हाईक कमी पडायचं नाय."