धुऱ्यावरची भुतं

भुतांना भर उन्हात कापूस वेचायला लावणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच झाला आणि तो माझा साडभाऊ आहे, हे मी कोणासमोरही छातीठोकपणे सांगेन! साडभाऊ म्हणजे साडू, बायकोच्या बहिणीचा नवरा. हे मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणतो. सिंदी रेल्वेच्या जवळ त्यांचं पाच एकर वावर आहे. दिवाळी आटोपून कपाशीची पराटी पांढरीफेक फुटली, की वेचणीला बाया मिळवण्यासाठी गावात नुसती पळापळ सुरू होते. कोणी ऑटो पाठवतो, कोणी दोनदा चहा देतो, कोणी आदल्या दिवशी घरी जाऊन हात जोडतो. भाऊजी यातलं काही करत नाहीत. ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक लाकडी स्टूल मांडतात, शेजारी पाण्याचा लोटा ठेवतात, चष्मा पुसतात आणि खणखणीत आवाजात भुताची गोष्ट वाचायला लागतात. मुकाट्याने बारा-पंधरा बाया हजर होतात, आणि त्या दुसऱ्याच्या वावरात जायचं नावही काढत नाहीत.

ही पुस्तकं त्यांना मिळाली तीही त्यांच्या स्वभावाला शोभेल अशीच. गावातल्या वाचनालयात त्यांनी उभी हयात पुस्तकं झटकण्यात आणि चिकटवण्यात घालवली. निवृत्त होताना जुनी, पानं सुटलेली पुस्तकं मोडीत निघाली, तेव्हा बाकीच्यांनी पोथ्या आणि पाककृती उचलल्या. भाऊजींनी दोन पोती भरून भुतं आणली. सगळी जुन्या वळणाची, घरंदाज भुतं! धुक्यातल्या हवेल्या, कुरकुरणारे दरवाजे, तळघरं, मेणबत्ती घेऊन एकट्याच फिरणाऱ्या बाया. ताईंनी पोती घरात घेऊ दिली नाहीत, म्हणून त्यांची रवानगी गोठ्यात झाली. "म्हशीनं दूध कमी देल्लं नं, तं तुमची भुतं चुलीत घालीन," असं ताईंनी बजावलं होतं. म्हैस मात्र त्या वर्षी भरघोस दूध देत होती, आणि त्याचं श्रेय भाऊजी अजूनही पुस्तकांना देतात.

सूर्य मावळल्यावर मात्र ते एक ओळ वाचणार नाहीत. मी एकदा कारण विचारलं तर तावातावाने म्हणाले, "रात्री तं कोनीही भेते, साडभाऊ! त्यात वाचनाऱ्याची काय कमाल? भर बारा वाजता, डोक्यावर ऊन असताना भेव लावून दाखव, मंग मानलं!" मी या तत्त्वज्ञानाने भारावून गेलो होतो. पण ताई आतून ओरडल्या, "काही नाई हो, खरं सांगा नं त्याईले! अंधार पडला का फाटक लावायले मले संग घेऊन जाते हा मानूस." भाऊजी चष्मा पुसत राहिले. भित्रा माणूसच भीती इतकी प्रेमाने वाचू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि काय वाचतात म्हणून सांगू! दरवाजा कुरकुरला की तोंडाने कुरकुरतात, वारा सुटला की पुस्तक बाजूला धरून घोंघावतात. सगळ्यांची आवडती गोष्ट तेराव्या पायरीची. एक पाहुणा हवेलीच्या तळघरात उतरतो, उतरताना बारा पायऱ्या मोजतो. खाली काय दिसतं ते दिसतं, आणि तो जीव घेऊन वर पळत सुटतो. दहा... अकरा... बारा... इथे भाऊजी थांबतात. सावकाश लोटा उचलतात. घटाघटा पाणी पितात. पंधरा बायांचे हात बोंडांवर तसेच थिजलेले, वावरात पाखरूसुद्धा बोलत नाही. मग लोटा खाली ठेवून, अगदी हलक्या आवाजात, "तेरा." एवढ्या उन्हात माझ्या अंगावर काटा येतो हो! बाया गोष्ट ऐकतात तशी भुतांची उलटतपासणीही घेतात. चंद्रकलाबाई या वेचणाऱ्यांच्या म्होरक्या. त्यांनी एकदा भर वाचनात हात वर केला. "भाऊ, त्या पाहुन्याले काऊन जा लागते तळघरात? घरचे लोक काय करून राह्यले?" भाऊजींनी पुस्तक मिटून दहा मिनिटं त्या हवेलीची घरगुती परिस्थिती समजावून सांगितली, त्यातलं एक अक्षर पुस्तकात नव्हतं. बायांकडे मोबाईल आहेत, कानात घालायच्या वायरी आहेत, गोष्टीही त्यात पाहिजे तेवढ्या. पण चंद्रकलाबाईंचं म्हणणं, "मोबाईलवाला आपल्यासाठी थांबत नाई. अन् तो सोता भेत नाई."

पहिल्या वर्षी एक घोटाळा झाला. एरवी बाया वावरभर पांगतात, प्रत्येकीचा एक तास, म्हणजे पराटीची एक ओळ. पण गोष्ट रंगली तशा सगळ्या सरकत सरकत एकाच तासात आल्या! एकेका झाडाला तीन-तीन बाया, पदराला पदर लागलेला. सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला मधे घेतलेलं, आणि तीही मधेच राहण्याबद्दल जागरूक. बाभळीकडच्या कोपऱ्यात तर कोणी जाईचना. अर्धं वावर साफ आणि कोपरा पांढराफटक! शेजारचे शेतकरी विचारायला लागले. शेवटी भाऊजींनी स्टूल उचललं आणि बाभळीखाली नेऊन ठेवलं. अख्खा घोळका वाचत्या आवाजामागे तिकडे गेला. तेव्हापासून वेचणीची हीच रीत पडली. आधी स्टूल जातं, मग बाया जातात.

या वर्षी पावसाळ्यात भाऊजींच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधीच ठरली, ऑपरेशनही चांगलं झालं, पण आवाज पूर्वीसारखा परतणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. राहिली ती नुसती घरघर, तीही कानाजवळ बोलली तर ऐकू येणारी. भाऊजी पाटीवर लिहून बोलायला लागले. दिवाळीनंतर पराटी फुटली, आभाळ भरून यायला लागलं आणि ताईंचा मला फोन आला. "कापसाचं जाऊ द्या, तो भिजला तं भिजला. पन हा मानूस स्टूल घेऊन बसते गोठ्यात, पुस्तकं पाहात. तुमी या अन् वाचा." मी कार्यालयातून दोन दिवसांची रजा काढून वर्ध्याहून गेलो.

बाया आल्या होत्या. भाऊजींनी स्वतः स्टूल मांडलं, लोटा ठेवला, तेराव्या पायरीचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि स्वतः बांधावर खाली बसले. मी वाचायला लागलो. माझा सगळा जन्म परिपत्रकं वाचण्यात गेलेला. पाहुणा तळघरात उतरला तेव्हा दोघी जणी स्वयंपाकाचं बोलत होत्या. मी कुरकुरलो तेव्हा सगळ्या हसल्या. बाया पांगून आपापल्या तासाला लागल्या होत्या, अगदी बाभळीकडेसुद्धा एक जण बिनधास्त वेचत होती! भाऊजींनी मान खाली घातली. एवढा मोठा खेळ आपल्या आवाजाबरोबर संपला हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि मला पुस्तकासकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"थांबा पाहुने," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "तुमी फकस्त पानं पलटवा. त्याचा आवाज लागते."

आणि त्या सांगायला लागल्या! हात बोंडांवर चालू, नजर पराटीत, आणि तोंडातून गोष्ट शब्दन् शब्द, भाऊजींच्या तालात. कुरकुर तीच, वारा तोच, आणि हवेलीची जी घरगुती परिस्थिती पुस्तकात नव्हती तीसुद्धा! बाया सरकायला लागल्या. बाभळीकडची पळतच आली. मी पानं उलटत घोळक्यामागून चालत होतो, कोणत्या पानावर आहोत याचा मलाच पत्ता नव्हता. पाहुणा वर पळत सुटला. दहा... अकरा... बारा... चंद्रकलाबाई थांबल्या. बांधाकडे चालत गेल्या, भाऊजींचा लोटा उचलला आणि घटाघटा पाणी प्यायला लागल्या.

मी बांधाकडे पाहिलं. तिथे भाऊजी नव्हते. स्टूलही रिकामंच होतं. भाऊजी घोळक्यात होते, अगदी मधोमध, म्हाताऱ्या बाईची हक्काची जागा बळकावून, एका हाताने तिचा पदर घट्ट धरून. डोळे विस्फारलेले, कपाळावर घाम. ही गोष्ट त्यांनी स्वतः किती वेळा वाचली असेल! मी जवळ गेलो तर त्यांनी माझी बाही ओढली आणि कानाशी तोंड आणून त्या घरघरत्या आवाजात म्हणाले, "साडभाऊ, मले आजवर कोनी वाचून नव्हतं दाखवलं."

माझे डोळे भरून आले. चंद्रकलाबाई अजून पाणीच पीत होत्या. भाऊजींना धीर धरवेना. त्यांनी पुन्हा माझी बाही ओढली.

"थांबली काऊन ते? पुढं काय होते?"

मी पान उलटलं.