नव्या फरशीवरचा थेंब

भिलाईत, वैशाली नगरातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये आईने हौसेने पांढरी फरशी बसवून घेतली आणि बाबांच्या जीपने त्याच आठवड्यात तिच्यावर काळा डाग पाडला. आईने पुसला. गाडी बाहेर जाऊन आली की पुन्हा डाग. आईचं म्हणणं, गाडी मुद्दाम करते. माझं म्हणणं, जीपच्या खाली पांढरी फरशी घालायची अवदसा आठवली कुणाला? पण हे मी मनातल्या मनातच म्हटलं. माझी जीभ तिखट आहे खरी, पण ती मला जिच्याकडून मिळाली तिच्यापुढे चालत नाही.

जीप जुनी, गरज पडली तर चारही चाकांनी ओढणारी. बाबांची अर्धी नोकरी नंदिनी नगरच्या चुनखडीच्या खाणीत गेली, उरलेली भिलाईच्या कारखान्यात, मेंटेनन्समध्ये. खाणीतला चिखल त्यांनी असल्याच जीपमधून तुडवला होता. रिटायर झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, बाबा जीप घेऊन आले. सकाळचा चहा ते तिच्या बॉनेटला टेकूनच प्यायचे. मी गाडी शिकले तीही तिच्यावरच, आणि शिकताना बाबांशी जितकी भांडले तितकी लग्नानंतर नवऱ्याशीही भांडले नसेन.

शेवटी, मी माहेरी आले होते तेव्हा, आईने निर्वाणीचं सांगितलं. "एक तं हे फरशी राहीन, नाही तं तुमचं हे धूड. पोछा मारून मारून माह्या कंबरेचा काटा ढिला झाला."

बाबा वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. खुर्सीपारच्या एका जुन्या गाड्या घेणाऱ्याला फोन केला, रविवारी येऊन घेऊन जा म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी चहा खोलीत बसून प्यायले. मला भयंकर वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी चिडते, म्हणून मी आईवर चिडले.

"रविवारपर्यंत गळती थांबली तर?"

"थांबली तं राहू दे. मले का गाडीशी दुश्मनी हाय? पण थांबत नाही ते. दोनदा सील बदलवलं यायनं."

झालं! मी ओढणी कमरेला खोचली आणि बाबांना हात धरून बाहेर काढलं. गाडीखाली आम्ही जुनी वर्तमानपत्रं पसरली. पुढे इंजिनखाली कागद कोरडा, मागे मात्र दाट, पिवळसर काळा ठिपका. बाबांनी तो बोटावर घेऊन चोळला, नाकाशी नेला. "गिअर ऑइल. वास पाय कसा मारून राहिला." मागच्या एक्सलच्या मध्ये जो मोठा गोळा असतो, त्यातलं तेल. मग गोळा रॉकेलने लख्ख पुसला आणि आईच्या डब्यातली रांगोळी त्याच्यावर भुरभुरली. नंदिनी नगरपर्यंत चक्कर मारून परत आलो. ज्या तोंडातून इंजिनकडचा फिरता दांडा गोळ्यात शिरतो, तिथली रांगोळी भिजून काळी झाली होती. म्हणजे त्या तोंडाशी तेल अडवायला बसवलेलं रबराचं कडं, पुन्हा तेच सील!

शनिवारी सकाळी खुर्सीपारच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने खाली शिरून पाहिलं. "सील तो एकदम नया है, दीदी. बैठा भी बढ़िया है. तेल क्यों फेंक रहा है, भगवान जाने." भगवंताला विचारायला सवड नव्हती. उद्या रविवार होता.

घरी पोचलो तर आई स्वयंपाकघरातून ओरडत होती. कुकरच्या झाकणाच्या कडेने डाळीचं पाणी उडून ओटाभर झालं होतं.

"रबर गेलं असन. नवीन आणतो," बाबा ताटावर बसत म्हणाले.

"रबराले काय धाड भरली? परवाच टाकलं," आई म्हणाली. "शिटीत दाळ अटकली. वाफेले वर जागा नाही भेटली तं जिकून फट सापडन तिकून निघन ते. तुमाले तं बस रबर बदलवाचंच माहीत हाय."

बाबांचा घास हातातच राहिला. माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि उष्ट्या हातानेच उठले ते थेट जीपखाली.

हे समजायला भिलाईची एक रीत सांगायला हवी. विश्वकर्मा पूजा आली की इथे लोखंडाची एकही वस्तू तशीच राहत नाही. धुतात, रंगवतात, हार घालतात. बाबाही दरवर्षी जीप रंगवायचे, आणि मेंटेनन्सचा माणूस, म्हणून खालूनसुद्धा. तेल तापलं की आतली हवा फुगते. ती बाहेर जावी म्हणून गोळ्यापाशी एक बारकी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आमच्या जीपच्या ब्रीदरवर इतक्या पूजांचा काळा रंग साचला होता की ती टोपी आहे की एखादा नट, हेच कळेना. हवा कोंडायची आणि बिचाऱ्या नव्या सीलला ढकलून तेल बाहेर काढायची.

बाबांनी सुरीने रंग खरवडला. फुस्स झालं, अगदी कुकरची शिटी उचलल्यासारखं. आणि जीपखालून हसण्याचा आवाज आला.

"कारखान्यात नव्या पोरायले मीच शिकवत होतो व! सीलले हात लावाच्या पहिले ब्रीदर पाहा म्हणून."

"मग घरी काय झालं?" मी विचारलं.

"घरी मी पेंटर होतो ना!"

पुसून, तेल भरून, आम्ही पुन्हा नंदिनीला जाऊन आलो आणि गाडीखाली कोरा कागद पसरला.

रविवारी उठले तर आई पोर्चमध्ये उकिडवी बसून कागद निरखत होती. बाबा आत पेपर वाचत होते, म्हणजे उलटा धरून बसले होते. इतक्यात तो खुर्सीपारचा माणूस फाटकाशी आला. बाबा उठायच्या आत आईच कोराच राहिलेला कागद हातात घेऊन पुढे झाली. "भैया, गाड़ी नहीं देना है. चाय पीके जाओ." माझे डोळे भरून आले. लपवायला मी चहा ठेवायला पळाले. परत आले तर बाबा बॉनेटला टेकून उभे होते.

पुढच्या विश्वकर्मा पूजेला बाबा ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन निघाले, तशी आई कणकेचा गोळा घेऊन आली. "थांबा. पहिले मले जाऊ द्या." जीपच्या टायरलाही शिव्या घालणारी माझी आई चांगल्या साडीनिशी जीपखाली आडवी झाली, ब्रीदरवर कणीक थापली आणि बाहेर आली. "हं, मारा आता." रंगवून होईपर्यंत जागची हलली नाही. मग स्वतः खाली जाऊन कणीक काढली, बोटाने ब्रीदर साफ केला.

ती बाहेर येत असतानाच बाबांच्या ब्रशवरून एक जाड काळा थेंब टपकला तो बरोबर पांढऱ्या फरशीवर. बाबांनी ब्रश पाठीमागे नेला. आईने वाकून बोट लावलं, वास घेतला.

"रंग हाय," ती म्हणाली. "राहू द्या."