उंबरदांड्यांचा तिसरा

स्वतःच्या फोनचा पासवर्ड तुम्हाला आठवत नाही, गेलेली माणसं काय आठवणार!

म्हणून आज सर्वपित्रीला मी सांगते आणि नात टाइप करून तुम्हा ओळखीच्यांना धाडते. मला अक्षर येत नाही. माझी भाषा सरळ करायची तिला लय हौस. झाली तेवढी झाली.

तर आमचं आडनाव उंबरदांडे. तासगावकडचं आमचं एक गाव सोडलं तर हे आडनाव कुठं सापडत नाही. इंग्रजांच्या काळात आम्ही सातारा जिल्ह्यात होतो, आता सांगलीत. गाव जागच्या जागीच आहे.

नातीनं महिनाभर फोनवर सर्च केलं. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या शिपायांची लिस्ट असते म्हणे. तिला वाटलं दोन नावं निघतील. माझे दोन दीर, दौलू आणि मारुती.

निघाली तीन.

तिसरा बाळाप्पा उंबरदांडे. बापाचं नाव गणपती, आईचं तानूबाई.

म्हणजे माझेच सासू-सासरे.

नात नाचायला लागली. "आजी, तुला आणखी एक दीर होता!"

भावकीचा ग्रुप मात्र तापला. दिवाळीनंतर वेशीजवळ शिपायांच्या नावाचा दगड बसवायचाय. भावकीतल्या चुलत पुतण्याचा फोन आला.

"काकी, ह्यो बाळाप्पा कोण? आपल्यात असलं नाव न्हाई. सरकारची चूक दिसतीया. मी दोनच नावं दिल्यात कोरायला."

"चूक न्हवं रं. तुझ्या चुलत आजीचं काम हाय ते."

आता तुम्ही पण ऐका.

बाळाप्पा आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या होता. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, उकळता उसाचा रस कधी उतरवायचा, ते तो ठरवायचा. कर्नाटकाकडचा. आईबाप साथीत गेलेले. एका हंगामाला टोळीबरोबर आला आणि राहिलाच.

मी त्याच गावची. आठ वर्षांची असेन. तो पाण्यात बोटं बुडवायचा, झटकन काहिलीत घालायचा, चिमूटभर पाक उचलून बघायचा.

मी रोज जाऊन उभी राहायची. बोटं भाजतात का बघायला.

"आज तरी भाजलं का?"

"न्हाई गं. उद्या ये."

लय हिरमोड व्हायचा.

मग तासगावच्या बाजारात भरतीवाले आले. दौलू, मारुती रांगेत लागले. त्यांच्यामागं बाळाप्पा. गुऱ्हाळावर तिघं एका घोंगड्यावर झोपायचे, मग रांगेत वेगळे कसे राहतील?

सासूबाई भाकरी घेऊन तिथंच बसल्या होत्या. पुढं मी त्यांना आत्याबाई म्हणायला लागले.

कारकुनानं बाळाप्पाला विचारलं, "बापाचं नाव? आडनाव? घर?"

तो दौलूकडं बघायला लागला.

"घरदार नसेल तर हो बाजूला."

आत्याबाई उठल्या. "बाप गणपती उंबरदांडे, लिवा. आई तानूबाई. ही काय तुमच्या म्होरं हुबी हाय."

"बाई, तिन्ही पोरं देताय?"

"चौथा अजून शेंबडा हाय. न्हाईतर त्योबी आणला असता."

तो शेंबडा म्हणजे पुढं माझा नवरा.

सासऱ्यांना संध्याकाळी कळलं की आपल्याला आणखी एक पोरगा झालाय, आणि त्याला मिशा आहेत.

पलटणीतनं पत्र आलं की मास्तर वाचून दाखवायचे. दौलू, मारुती खुशाली कळवायचे. बाळाप्पाचं एकच. "आच बेताची ठेवा. हितली मिठाई नुसती गोड हाय, तिला चव न्हाई."

मग पलटण इटलीत लढायला गेली आणि तारा आल्या. एका वर्षात तीन. तिन्ही आत्याबाईंच्या नावानं.

मी लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा पहिल्याच सर्वपित्रीला आत्याबाईंनी तीन पानं मांडली.

मी म्हटलं, "आत्याबाई, दीर दोन गेले की."

"वाढ गप. आता तू मला मोजायला शिकीव."

दरवर्षी तीन. कधी चुकलं नाही.

पार म्हातारपणी एका सर्वपित्रीला म्हणाल्या, "मी नाव दिलं नसतं तर त्याला हाकलला असता. आज काहिलीवर असता. माया केली आन् पोराला घालवून बसले."

मी म्हटलं, "आवं, नाव दिलं नसतं तर तार कुणाला आली असती? त्याच्यासाठी रडलं कोण असतं?"

त्यांनी तिसरं पान जवळ ओढलं.

मग म्हणाल्या, "तिसऱ्या पानावर तूप कमी पडलंय. वाढ."

अशी बाई मी दुसरी बघितली नाही.

एवढं सगळं पुतण्याला सांगितलं. तरी म्हणतो, "खरं हाय काकी, पर त्यो रक्ताचा न्हाई."

"मग तिकडं इटलीत त्याचं सांडलं ती काय उसाची काकवी व्हती?"

"तसं न्हवं... दगडावर जागा न्हाई आता."

"एका घोंगड्यावर मावली ती तिघं. दगडावर मावतील. जरा सरकायला सांग दौलूला."

त्यानं फोन ठेवला.

आज सकाळी ग्रुपवर दगडाचा फोटो आला. कोरायच्या आधी खडूनं आखलेला. नात वाचून दाखवायला लागली, मी म्हटलं थांब.

मला वाचता येत नाही. पण ओळी मोजता येतात.

तीन आहेत.

बाळाप्पा, तुझं बोट भाजायची मी वाट बघितली, राग धरू नकोस. साऱ्या उंबरदांड्यांचा तुला रामराम.

आणि तुम्ही, फुलांची आणि हात जोडलेली चित्रं मला पाठवू नका. दगड बसेल त्या दिवशी मी तीन पानं वाढणार आहे. ज्याचं गुऱ्हाळ सुरू झालं असेल त्यानं काकवी धाडा. एसटीनं धाडणार असाल तर झाकणाखाली फडकं बांधा, मागच्या खेपेला निम्मी सांडली.

आणि धाडायच्या आधी गुळव्याला चाखायला सांगा. तिसऱ्या पानाला चव कळते.