कणकेच्या गोळीतलं कुसळ

मोगलाईत लिंबागणेशच्या आसपास कुणाच्या मेंढराला गळू झालं, की माणसं हरिबाकडं यायची. हरिबा धनगर तोंडाचा फटकळ, पण हाताचा हलका. चिरा देण्याआधी तो गळवावर कणकेची गोळी चिकटवी, तिच्यात एक कुसळ उभं खोवी आणि टक लावून बघत बसे. कुसळ हललं, तर वस्तरा उचलत नसे. एकदा असली उडती, नाडीसारखी ठोके देणारी गाठ त्यानं घाईनं फोडली होती आणि रक्ताची चिळकांडी उडून मेंढी त्याच्या मांडीवरच गेली होती.

त्याच हरिबाच्या पाठीत, मणक्याला लागून, गाठ आली. आधी पाठ ठणकायची. मग पाय बधिर झाले आणि दिवाळीनंतर तो उठेचना. बायको दगडाबाईनं त्याला बैलगाडीत घालून बीडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गाठीवर तळवा ठेवला, कान लावला आणि सांगितलं, "काळजातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगलीय. तिनं मणके झिजवलेत, आतली मज्जा दाबलीय, म्हणून पाय गेले. इलाज नाही. सुरी तर लावूच नका."

हरिबा उखडला. "त्यानं कंदी मेंढरं राखलीत का? गळूच हाय. पू गेला की पाय येतील."

मला त्याचा राग येतो. शहाण्या माणसाचं ऐकायला काय जात होतं? पण कळप त्याला मागं टाकून चरणीला निघून गेला होता. त्याच्या जागी मी असतो, तर मीही ऐकलं नसतं.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दगडाबाईला वस्तरा तापवायला लावला.

"हात लाव. उडतंय का?"

"उडतंय जी."

"तुझीच बोटं थरथरत्यात. कणिक आन."

दारातून कोवळं ऊन आलं होतं. पालथा पडलेला हरिबा समोरच्या भिंतीकडं बघत होता. तिथं त्याच्या पाठीची सावली पडली होती, तिच्यावर कुसळाची. कुसळ डोलत होतं. त्यानं श्वास रोखून धरला, तरी डोलतच राहिलं.

मग म्हणाला, "दगडे, आता चिर."

"आवो, उडतंय न्हवं! दिसलं न्हाई का?"

"दिसलं. म्हनून तर म्हंतो. चिर."

दगडाबाईनं वस्तरा उचलला आणि बाहेर जाऊन आडात टाकला. परत आली, तेव्हा हरिबा भिंतीकडं तोंड करून रडत होता. पाठीवरची ती गोळी काढायला तिचा हात होईना.