घडीवाले सर

आमच्या सिडकोतल्या इमारतीत कागदाचा एकही तुकडा सपाट राहत नाही, आणि याला वरच्या मजल्यावरचे सर जबाबदार आहेत. वीजबिलाचा बेडूक होतो, लग्नपत्रिकेचा मोर. एकदा मी त्यांना सोसायटीच्या मीटिंगची नोटीस सहीसाठी दिली. दहा मिनिटांनी ती कासव होऊन परत आली. सही पोटाखाली होती. सेक्रेटरींनी ते कासव तसंच फायलीला लावलं.

सर मूळचे लासूर स्टेशनचे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात आणि उरलेल्या वेळात संशोधन करतात. घडी घातलेली बारीक नळी रक्तवाहिनीत सोडायची आणि आत ती आपोआप उलगडायची, असा विषय. एकदा त्यांनी तसली नळी आमच्या बागेच्या पाइपात सोडून पाहिली. ती ठरल्याप्रमाणे उलगडली आणि झाडांना दोन दिवस पाणी मिळालं नाही. प्रयोग यशस्वी झाला, असं सरांनी मला कळवलं. त्यांचा जीव मात्र बंगळूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत अडकला होता. सात वर्षं ते तिथं अर्ज करत होते, आणि पोस्टमन दिसला की जिना उतरून खाली येत.

मागच्या वर्षी आमच्या हिचं पोटाचं ऑपरेशन होतं. ऐनवेळी ही आत जायला तयार होईना. सर सकाळपासून दवाखान्यात येऊन बसले होते. त्यांनी खिशातला कागद काढला, चौकोनी फाडला आणि त्याचा करकोचा करून हिच्या हातात ठेवला.

"वहिनी, शुद्धीवर आल्या की याच्या घड्या मोजून सांगा. मी इथंच हाय, कुठं जात नाय."

ही गेली. संध्याकाळी तिनं घड्या मोजल्या, त्या चुकल्या. सरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला लावल्या.

बंगळूरचं बोलावणं काही आलं नाही. मी त्यावरून सरांना चिडवायचोही. मग दिवाळीच्या साफसफाईत तो करकोचा माझ्या हातून उलगडला. आत बंगळूरच्या त्या प्रयोगशाळेचं नाव होतं आणि मुलाखतीची तारीख होती. ऑपरेशनचीच.

मला स्वतःची लाज वाटली. तसाच वर गेलो. सरांनी कागद घेतला, मजकुराकडे पाहिलंही नाही. दुमडलेला कोपरा नखानं सरळ केला आणि जुन्याच घड्यांवर करकोचा पुन्हा उभा केला.

"वहिनींना सांगू नका," ते म्हणाले. "त्यांना लई लागंल."

करकोचा कपाटावर परत ठेवला, तेव्हा तो वाकडा झालाय असं ही म्हणाली. धूळ पुसताना झाला, असं मी सांगितलं.

पोस्टमन अजून येतो. सर आता खाली येत नाहीत. त्यांची पत्रं मीच वर नेऊन देतो, आणि ते वाचून होईपर्यंत दारातच उभा राहतो.